नदीच्या पुढे चाललेली ठकू

फार वर्षांपूर्वी, कुठून जायचं हे नद्यांना अजून माणसांनी सांगितलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी सातवाकण नावाचं एक गाव होतं. नदी गावाजवळ सात वेळा वळायची. वळणाला तिकडे वाकण म्हणतात, म्हणून गाव सातवाकण. सातही वाकणांत वैशाखापर्यंत पाणी टिकायचं, आणि त्या पाण्यावर गावातली एकुलती एक विहीर जगायची.

त्या गावात गवळ्यांच्या घरी ठकू नावाची नवी सून आली. येताना माहेरच्या सात म्हशी घेऊन आली. बोलायची कमी, बघायची फार. सासू शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे सुनेपेक्षा म्हशीच जास्त बोलतात गं बाई!"

ठकू रोज दुपारी म्हशी नदीवर न्यायची. म्हशी वाकणात उतरायच्या, चिखलात लोळायच्या, आणि उठल्या की त्यांच्या अंगाएवढाली डबरी मागे राहायची. त्या डबऱ्यांत पाणी थांबायचं. पाण्यात मासे अंडी घालायचे, काठच्या ओलीत खेकडे बिळं करायचे, आणि त्या बिळांतून पाणी मुरत मुरत विहिरीकडे जायचं. हे ठकूला कुणी शिकवलं नव्हतं. ती बघायची, एवढंच.

गावची रीत अशी, की दर पौषात नदीची ओटी भरायची. नदी म्हणजे गावची सूनच. एका वर्षी ओटीला खालच्या पेठेतले पाहुणे आले, आणि त्यांतली एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "अगंबाई, ही तुमची नदी? आठ दिवस न विंचरलेल्या डोक्यासारखी दिसतेय की!"

झालं. गावाला ते झोंबलं. बाजीबा पाटलांनी गाव गोळा केलं आणि म्हणाले, "सूनबाईचा भांग पाडायचा." आणि गावाने खरंच नदीचा भांग पाडला. फाल्गुनात पाणी उतरलं तसे सगळे कुदळी घेऊन पात्रात उतरले. पहिल्या वाकणापासून सातव्यापर्यंत सरळ चर खणला, आडवी पडलेली खोडं ओढून काढली, वाकणं आणि डबरी मातीने बुजवली. म्हशींनी पुन्हा घाण करू नये म्हणून दोन्ही काठांना काटेरी कुंपण घातलं.

नदी बाणासारखी सरळ झाली. जो तो म्हणाला, काय देखणी दिसते! इतकी चापूनचोपून बसवलेली सून पळायची वाट बघत असते, हे ठकूला मात्र ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. पावसाळ्यात पाणी आलं ते गावात टेकलंसुद्धा नाही. धावत आलं, काठची माती ओरबाडून धावत गेलं. दिवाळीलाच पात्रात गोटे दिसायला लागले. ठकू रोज विहिरीवर गेली की दोर किती हात सोडावा लागतो ते मनात धरायची. बारा हात. पंधरा. संक्रांतीला एकोणीस. घागर तळाला लागून खडखडली की ती वाकून आत बघत राहायची. जेवताना घास तोंडात फिरत राहायचा.

"काळजीनं पाणी वाढत नाही, बाई," सासू म्हणायची, आणि स्वतःच उठून रांजणावरचं झाकण पुन्हा एकदा नीट बसवून यायची.

चैत्रात बाजीबांनी परत गाव गोळा केलं. "ठकूच्या सात म्हशी अर्ध्या गावाचं पाणी पितात," ते म्हणाले. "अमावास्येच्या आत त्या घाटावर तिच्या माहेरी गेल्या पाहिजेत."

म्हशी गेल्या, तर नदीला पुन्हा थांबायला शिकवणारं कुणीच उरत नव्हतं. आणि नदी थांबली नाही, तर विहीर वैशाख बघणार नव्हती. असं म्हणतात, की त्या दिवशी ठकू पहिल्यांदा चारचौघांत बोलली.

"पाटीलबाबा, म्हशी जातील. पण त्याआधी त्यांना एकदा नदीत बसू द्या."

"नदीत पाणी कुठंय बसायला?" मागून कुणीतरी हसलं.

"म्हणून तर," ठकू म्हणाली.

बाजीबांनी हात झटकला. "बसू दे. अमावास्येपर्यंत बसू दे. कोरड्यात म्हशी बसून बसून बसतील किती!"

अमावास्या सात दिवसांवर होती. ठकूने हातांनी काटे उपसले. म्हशी पात्रात उतरल्या, पण चराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक म्हैस एकेका बुजवलेल्या वाकणात गेली, शिंगांनी माती उकरली आणि बसली. सगळ्यांत थोरली चांदरी, ती सातव्या वाकणात. एक दिवस गेला, दोन गेले, म्हशी उठेनात. ऊन असं, की काळी कातडी तडकायला लागली. ठकू आपल्या वाट्याचं पाणी त्यांच्या पाठींवर शिंपडायची आणि स्वतः नुसते ओठ ओले करायची.

"अगं, मरतील त्या!" सासू काठावरून कळवळली. ठकूलाही तेच वाटत होतं. पाचव्या दिवशी चांदरीने रवंथ थांबवला. ठकू तिच्या नाकपुडीशी हात धरून बसली. श्वास येतोय की नाही? येतोय की नाही?

सहाव्या दिवशी सासू आपल्या वाट्याची घागर घेऊन खाली उतरली आणि ती चांदरीच्या पाठीवर रिकामी केली.

सातव्या दिवशी सकाळी, असं म्हणतात, चांदरीच्या पोटाखालून एक खेकडा बाहेर आला. त्याच्या नांग्या ओल्या होत्या. मागून दुसरा आला. मग चांदरी उठली, आणि ती बसली होती तिथे तिच्याच आकाराचं पाणी होतं. सातही वाकणांत तसंच. त्या संध्याकाळी विहिरीचा दोर हातभर कमी लागला.

म्हशी राहिल्या. ठकूची धास्तीही राहिली, कारण चर तसाच होता. पावसाळ्यात नदी त्यातूनच धावणार, आणि म्हशींनी केलेलं सगळं धुऊन नेणार. आषाढात घाटावर तीन दिवस पाऊस कोसळला आणि लोंढ्याचा आवाज गावापर्यंत आला. लोक धावत काठावर आले, तर ठकू चांदरीच्या शिंगाला हात लावून चराच्या तोंडाशी उभी! मागे सहा म्हशी.

"ठके, माघारी फिर!" सासूने टाहो फोडला.

ठकू फिरली, पण गावाकडे नाही. पहिल्या वाकणाकडे. पुढे ठकू, तिच्यामागे म्हशी, आणि म्हशींमागे नदी. म्हशी वळल्या तिथे नदी वळली. म्हशी रेंगाळल्या तिथे ती रेंगाळली आणि तिचा डोह झाला. सातव्या वाकणावर लोकांना ठकूच्या पदराचा काठ दिसला, मग नुसती शिंगं, मग पाणी.

पूर ओसरल्यावर सहा म्हशी गोठ्यात आल्या. ठकू आणि चांदरी आल्या नाहीत. कुणी म्हणतं, ती सातव्या डोहात आहे. कुणी म्हणतं, नदीने तिला माहेरी पोचवलं. सासू एवढंच म्हणायची, "माझ्या हाकेला ओ दिली असती, तर गाव उरलं नसतं." त्या विहिरीचा तळ मात्र त्यानंतर कुणी पाहिलेला नाही.

आजही आसपासच्या एखाद्या गावाची सरळ केलेली नदी आटली, तिला परत वळणावर आणायची असली, की तिथली माणसं खण-नारळ घेऊन सातवाकणात येतात आणि ठकूच्या नावाने सात म्हशी मागतात, मुलगी मागावी तशा. म्हशी नेऊन कोरड्या पात्रात सोडतात. त्या चालतील तशी दोरी धरायची, बसतील तिथे खुंटी ठोकायची. खोदायचं यंत्र त्यानंतर. मोजणीचे साहेब नकाशाची गुंडाळी काखेत धरून घाम पुसत उभे असतात.

"मग, करायची का सुरुवात?" ते विचारतात.

म्हशींमागे उभी असलेली बाई हात वर करते.

"थांबा साहेब. अजून उठल्या न्हाईत."