चिरकी खारीचा पट्टा

गप बसा, मग सांगतो. बसलात? ऐका.

एक खार होती. नाव चिरकी. एवढीशी. शेपूट धरून मोजली तरी एवढीशीच.

तिचा आजा माडावर राहायचा. अगदी वर, झावळ्यांत. आजा म्हातारा. तोंडात दात नाहीत. खाली उतरत नाही. वरूनच ओरडतो.

चिरकी रोज त्याचं जेवण वर न्यायची. शेंगेच्या टरफलाचा डबा. डब्यात चिकूची मऊ फोड. बांबूच्या कांडीची कुपी. कुपीत पाणी. आणि कापसाची उशी. आजाला बसायला टोचतं, म्हणून.

आता माडावर चढायचं तर चारी पाय लागतात. मग सामान कुठे धरायचं? तोंडात? तोंडात एकच मावतं. म्हणून कमरेला पट्टा. गवताचा. पट्ट्याला डबा, कुपी, उशी. सगळं पुढे, पोटावर. का? तर म्हणे, मला माझं सामान दिसायला हवं.

चिरकी चढली. सुर्र सुर्र. पट्टा माडाला घासला. खर्र खर्र. अर्ध्यावर गेली आणि पट्टा तुटला.

कट्.

डबा खाली. धप्. कुपी खाली. टण्. उशी खाली. तिचा आवाजच नाही. उशीच ती.

चिरकी खाली आली. डबा धड होता. कुपी धड होती. पट्टा तेवढा गेला.

वरून आजा ओरडला, "चिरके, कुठे उलथलीस? मी उपाशी आहे."

"आले, आजा. पट्टा तुटला."

"मग दुसरा बघ. उभी काय राहिलीस?"

चिरकीने दुसरा बघितला. पुन्हा गवत घेतलं. ओढलं. कट्. तुटलं. वेल घेतली. ओढली. तुटली नाही, पण बारीक. पोटाला काचली. काथ्या घेतला. चिवट होता. पण टोचला. चिरकी टुणकन उडाली.

"पट्टा रुंद हवा," चिरकी म्हणाली. "चिवट हवा. टोचायला नको."

असं काय असतं? केळीचं सोपट असतं. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची साल. रुंद असते. चिवट असते. टोचत नाही.

चिरकी केळीकडे गेली. सुर्र सुर्र.

"केळीबाई केळीबाई, सोपट दे. सोपटाचा पट्टा, पट्ट्याला डबा, डबा आजाला. आजा उपाशी."

केळ म्हणाली, "देईन की. पण हात लावून बघ."

चिरकीने हात लावला. सोपट चुरचुर वाजलं. तुकडा हातात आला.

"वाळलंय," केळ म्हणाली. "ओलं झालं की चिवट होईल. मला पाणी हवं. पाटाला सांग."

चिरकी पाटाकडे गेली. पाट म्हणजे बागेत पाणी वाहतं ती वाट. सुर्र सुर्र.

"पाटदादा पाटदादा, पाणी सोड. पाणी केळीला, केळीचं सोपट, सोपटाचा पट्टा, पट्ट्याला डबा, डबा आजाला. आजा उपाशी."

पाट म्हणाला, "बुडबुड. सोडीन की. पण घशात कचरा अडकलाय. सगळा पाचोळा. बुडबुड. बोलता पण येत नाही. खेकड्याला सांग."

"बोलतोस तर एवढं," चिरकी म्हणाली.

"बुडबुड," पाट म्हणाला.

वरून आजा ओरडला, "चिरके, मिळाला का पट्टा?"

"नाही, आजा. खेकड्याकडे चाललेय."

"खेकडा कधीपासून पट्टे करतो?"

चिरकी खेकड्याकडे गेली. सुर्र सुर्र. खेकड्याचं बीळ शोधलं. बीळ दिसेना. बिळावर एक म्हैस बसलेली. चिरकीने कान जमिनीला लावला. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"खेकडेभाऊ खेकडेभाऊ, कचरा काढ. कचरा पाटाचा, पाटाचं पाणी, पाणी केळीला, केळीचं सोपट, सोपटाचा पट्टा, पट्ट्याला डबा, डबा आजाला. आजा उपाशी."

खेकडा आतून म्हणाला, "काढीन की. पण मी निघू कुठून? दारात म्हैस बसलीय. सकाळपासून अंधार आहे. मला वाटलं, रात्रच आहे. मी दोनदा झोपलो. म्हशीला उठव."

चिरकी म्हशीच्या तोंडाकडे गेली. लांब होतं. सुर्र सुर्र सुर्र.

"म्हशीमावशी म्हशीमावशी, ऊठ. म्हशीखालचा खेकडा, खेकडा काढील कचरा, कचरा पाटाचा, पाटाचं पाणी, पाणी केळीला, केळीचं सोपट, सोपटाचा पट्टा, पट्ट्याला डबा, डबा आजाला. आजा उपाशी."

म्हैस रवंथ करत होती. मचमच. मचमच. सगळं खाऊन झाल्यावर म्हणाली, "उठेन की. पण पाठ खाजतेय. उठले की जास्त खाजते. बसले की कमी खाजते. म्हणून बसलेय. बगळ्याला बोलाव. तो टोचे मारतो, मग बरं वाटतं."

"मी खाजवू?" चिरकीने विचारलं.

चिरकी पाठीवर चढली. खाजवलं. खूप खाजवलं.

"कधी सुरू करतेस?" म्हैस म्हणाली.

चिरकी खाली उतरली.

वरून आजा ओरडला, "चिरके, पोटात कावळे ओरडतायत."

"आले, आजा. बगळ्याकडे जाऊन येते."

"आता बगळा?"

चिरकी बगळ्याकडे गेली. सुर्र सुर्र. बगळा डबक्याकाठी उभा होता. एका पायावर.

"बगळेकाका बगळेकाका, खाज काढ. खाज म्हशीची, म्हशीखालचा खेकडा, खेकडा काढील कचरा, कचरा पाटाचा, पाटाचं पाणी, पाणी केळीला, केळीचं सोपट, सोपटाचा पट्टा, पट्ट्याला डबा, डबा आजाला. आजा उपाशी."

बगळा म्हणाला, "काढीन की. पण पाय बघ माझा."

चिरकीने पाय बघितला. पायाला दोरा गुंडाळलेला. कोणाच्या तरी जाळ्याचा. दुसरं टोक मुळाला अडकलेलं.

"ओढला की आवळतो," बगळा म्हणाला. "उडू कसा? तू घुशीला बोलाव. ती कुरतडेल. तिला दात आहेत."

चिरकी घुशीकडे निघाली. सुर्र.

आणि थांबली.

"दात?" चिरकी म्हणाली. "दात तर मला पण आहेत."

बघा आता. एवढी पळाली. दात तोंडातच.

चिरकी बसली. दोरा धरला. कुरतुड कुरतुड. कुरतुड कुरतुड. बगळा म्हणाला, "पाय सोडून कुरतड." चिरकी म्हणाली, "हलू नका, काका." कुरतुड कुरतुड.

टप्. दोरा सुटला.

बगळ्याने पाय झाडला. पंख पसरले. फड फड फड. म्हशीच्या पाठीवर बसला. टोच टोच टोच. खाज गेली.

म्हैस म्हणाली, "हां. तिथेच. अजून जरा डावीकडे." मग उठली. हळूहळू. आधी मागून, मग पुढून.

म्हैस उठली, बीळ उघडलं. खेकडा बाहेर आला. तुरुतुरु. "उजाडलं एकदाचं," म्हणाला.

खेकडा पाटावर गेला. नांग्या घातल्या. कचकच, कचकच. पाचोळा काढला. काड्या काढल्या.

कचरा निघाला, पाट वाहिला. झुळझुळ झुळझुळ. "आता बोलतो," पाट म्हणाला. पण बोलला नाही. वाहत गेला.

पाणी केळीला गेलं. केळ प्यायली. गटगट. सोपट भिजलं. मऊ झालं. चिवट झालं.

"ओढ आता," केळ म्हणाली.

चिरकीने ओढलं. फर्र. ही लांब पट्टी निघाली.

रुंद होती. चिवट होती. टोचत नव्हती.

चिरकीने पट्टा कमरेला बांधला. घट्ट बांधला. श्वासच घेता येईना. सैल केला. पट्टा घसरला. गुडघ्यावर आला. मग परत बांधला. आत एक बोट जाईल, एवढीच ढील. बरोबर बसला.

आता सामान. चिरकीने डबा अडकवला. कुपी अडकवली. उशी अडकवली. कुठे? पुढे. पोटावर. मला दिसायला हवं, म्हणे.

माडाला मिठी मारली. जुना पट्टा सैल होता, डबा खाली लोंबायचा. हा घट्ट, डबा पोटालाच बसला. पोट माडाला लागेना. पाय सुटले. सर्र. खालीच बसली.

खेकडा म्हणाला, "बाजूला बांध. सगळं एका बाजूला. मी बघ, बाजूनेच चालतो. काही अडत नाही."

चिरकीने सगळं उजव्या बाजूला बांधलं. माडाला मिठी मारली. उजवीकडे जड झालं. चिरकी गर्रकन फिरली. माडाच्या या अंगाची त्या अंगाला गेली. पुन्हा गर्र. परत या अंगाला आली. वर काही गेली नाही.

बगळा हसला. खेकडा म्हणाला, "सवय लागते."

म्हैस बघत होती. मचमच. म्हणाली, "पाठ कशाला आहे तुला? माझ्या पाठीवर सगळे बसतात. बगळा बसतो, पोरं बसतात, कावळा बसतो. पोटावर कोणी बसत नाही."

"पण मला दिसणार नाही," चिरकी म्हणाली.

"मला तरी कुठे दिसतं?" म्हैस म्हणाली. "असतं तिथे."

चिरकीने विचार केला. डबा सोडला. मागे बांधला, उजवीकडे. डबा जड. मग कुपी मागे, डावीकडे. कुपी पण जड. दोन्ही बाजू सारख्या. मधे उशी. डबा कुपीवर आपटायला नको, म्हणून.

उडी मारून बघितली. काही वाजलं नाही. काही पडलं नाही.

वरून आवाज आला. बारीक. "चिरके."

आजा ओरडत नव्हता. नुसतं म्हणत होता. "चिरके, आहेस ना?"

"आहे, आजा. आले."

चिरकीने माडाला मिठी मारली. पोट माडाला लागलं. चारी पाय बसले. चढली. सुर्र सुर्र. पट्टा घासला नाही. अर्ध्यावर गेली. पट्टा तुटला नाही. सुर्र सुर्र सुर्र. खाली सगळे वर बघत होते. म्हैस पण. रवंथ थांबवून.

चिरकी झावळ्यांत पोचली.

"उशीर केलास," आजा म्हणाला.

चिरकीने हात मागे नेला. न बघता डबा सोडला. न बघता कुपी सोडली. उशी टाकली. आजा उशीवर बसला. चिकूची फोड तोंडात धरली. चोखत चोखत खाल्ली. पाणी प्यायला. गटगट. मग ढेकर दिली.

"बरा होता का चिकू?" चिरकीने विचारलं.

"होता बरा. पट्टा कोणी दिला?"

चिरकी म्हणाली, "बगळ्याने काढली खाज, खाज म्हशीची, म्हशीखालचा खेकडा, खेकड्याने काढला कचरा, कचरा पाटाचा, पाटाचं पाणी, पाणी केळीला, केळीचं सोपट, सोपटाचा पट्टा."

आजाने झावळी बाजूला केली. खाली वाकून बघितलं. खाली बगळा होता, म्हैस होती, खेकडा होता. पाट वाहत होता. केळीची पानं हलत होती.

"एवढे सगळे खाली," आजा म्हणाला. "आणि मी इथे."

"चल की मग."

"चल काय? माझे पाय लटपटतात."

"पट्टा धर," चिरकी म्हणाली. "मागून धर. आता मोकळाच आहे."

आजाने पट्टा धरला. ओढून बघितला. चिवट होता. चिरकी पुढे, आजा मागे. सर्र. थांबले. सर्र. थांबले.

"हळू," आजा म्हणाला.

"हळूच आहे."

"अजून हळू."

सर्र. थांबले. सर्र. थांबले. आजाचे पाय जमिनीला लागले.

म्हैस म्हणाली, "हे आजोबा का?"

"सरक जरा," आजा म्हणाला. "किती जागा लागते तुला?"

म्हैस सरकली. आजा पाटाजवळ बसला. पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. आजाने पाय हलवले. चुबुक चुबुक.

दुसऱ्या दिवशी चिरकीने डबा भरला नाही. आजा खालीच जेवला. जेवून फिरायला निघाला. चिरकी पुढे, आजा मागे, पट्टा धरून.

आजा जेवला, गोष्ट जेवली. ताट पालथं. डोळे मिटा आता.