मधलाच थर

“वरचा थर सरळ, खालचा सरळ. मग मधलाच असा का मुरडला?”

भंते शीलरत्न कड्याकडे पाहत होते.

प्रश्न ऐकून सुमेध खुलला. भिक्खूचं चीवर घेण्याआधी तो नागपूरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. लडाखमधला हा पिवळट कडा म्हणजे फार जुन्या, आटून गेलेल्या तळ्याचा गाळ, हे त्यानंच गुरूंना सांगितलं होतं.

त्यानं समजावलं. मधला थर तेव्हा तळ्याचा तळ होता. ओला, सैल, पाण्यानं भरलेला. भूकंप झाला. कणांची एकमेकांवरची पकड सुटली, अडकलेलं पाणी वर उसळलं, जड वाळू खालच्या चिखलात रुतली आणि साऱ्या गाळाला वळ्या पडल्या. मग तळं निवलं. नवा गाळ वर सपाट बसत गेला.

“खालचा हलला नाही?”

“हलला, भंते. पण तो आधीच दबून घट्ट झाला होता. त्याच्यावर खूण राहिली नाही.”

“आणि वरचा?”

“तो तेव्हा आलाच नव्हता.”

भंते पुन्हा मधल्या थराकडे पाहू लागले.

सुमेधला हीच वेळ योग्य वाटली. पहाटे धाकट्या भावाचा फोन आला होता, आई गेली म्हणून. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि रोजच्यासारखा ध्यानाला बसला. आत काहीच उठलं नाही. साधना फळाला आली असं वाटून दिवसभर तो मनातून सुखावला होता.

“पहाटे आई गेली, भंते. मी हललो नाही.”

शाबासकी मिळेल म्हणून तो थांबला…

भंतेंनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही.

“तुला काय म्हणायची ती?”

“सुमेध नाव तर तुम्हीच…”

“त्याच्या आधी.”

उत्तर सोपं होतं. पण ते ओठांवर येईना. सुमेध गोंधळून कड्याकडे बघू लागला. आपण खालच्या थरासारखे घट्ट झालो, की वरच्यासारखे अजून पोचलोच नाही? की ही खरंच शांती? मघाशी सगळं कसं स्पष्ट होतं.

“भिक्खूला घर नसतं,” तो चाचरत म्हणाला. “तुम्हीच शिकवलंत, भंते.”

“हो…”

भंतेंनी हात मागे घेतला.

“माझी आई गेली, त्या दिवशी मला रोजचं चीवर नीट गुंडाळता येत नव्हतं.”