हत्तीखुंटा आणि तीन किल्ल्या

खैरापूरच्या तांबट आळीत शिरलं की ठोक्यांच्या गजरात आधी नजरेत भरतो तो हत्तीखुंटा. कमरेएवढा, काळा, गुळगुळीत दगड. "एवढ्याशा आळीत हत्ती?" असं पाहुण्यांनी विचारलं की म्हातारे वामनतात्या हातोडी खाली ठेवून सांगू लागतात.

फार पूर्वी सगळ्या आळीचा धंदा सामाईक होता आणि त्याच्या पैशांची पेटी सगुणाकाकूंच्या घरी असे. काकू हिशेबाला चोख, पण मनानं लोणी. समोरच्याचे डोळे भरले की यांचा हात किल्लीकडे गेलाच. एकदा एक परमुलखातला माहूत हत्तीण घेऊन दारात आला. "आई, हिला पोसणं आता माझ्यानं होत नाही," म्हणाला. हत्तिणीनं काकूंच्या खांद्यावर सोंड ठेवली, म्हणे, आणि काकूंनी वर्षभराचं तांबं घ्यायला ठेवलेला पैसा देऊन तिला ठेवून घेतलं.

हा खुंटा तेव्हाच रोवला. भट्ट्या गार पडल्या. हत्तीण मात्र परसातल्या केळी मुळासकट फस्त करी. काकूंना कुणी एका शब्दानंही बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी आळी गोळा केली आणि खुंट्यावर हात ठेवून शपथ घेतली, "यापुढं मी एकटी पेटी उघडणार नाही."

मग नेम ठरला. कोळशाचा आणि भांडी उजळायच्या चिंचेचा किरकोळ खर्च काकूंनी गल्ल्यातून करावा. पेटीला मात्र तीन कुलपं, तीन घरांत तीन किल्ल्या. आणि ज्या किल्लीवाल्याला स्वतःसाठी किंवा आपल्या माणसासाठी पैसे हवेत, त्यानं आपली किल्ली त्या दिवशी शेजाऱ्याकडे द्यावी. भुकेल्यानंच वाढपी होऊ नये!

हत्तीण लग्नांच्या वरातीत मिरवू लागली आणि हळूहळू तांब्याचा पैसा तिनंच भरून काढला. पुढं काकूंचा सख्खा भाऊ घोडा घ्यायला पैसे मागत आला. आळीनं श्वास रोखला. काकू म्हणाल्या, "दादा, पोटभर जेव. पैशाचं म्हणशील, तर माझ्याकडे एकच किल्ली, आणि आज तीही शेजारी." भाऊ जेवून गेला. जन्मात पहिल्यांदाच काकूंनी कुणाला नाही म्हटलं होतं, आणि तेही न दुखावता. त्या दुपारी त्यांना अशी झोप लागली, की ठोक्यांनीही मोडली नाही, असं सांगतात.

आजही आळीच्या सोसायटीचा मोठा चेक या खुंट्यावर ठेवूनच तिघं जण सही करतात. एकमत होईना, तर चहा मागवायचा आणि पुन्हा बोलायला बसायचं.

"परवा माझ्याच मशीनचा चेक होता," तात्या हसतात. "चहावर चहा झाले, त्याचे पैसे मीच दिले, आणि तिसरी सही अजून व्हायचीय!"