दहा घरांची तार आणि हजार घरांचा रेडिओ

राजे उदाजीरावांनी हुकूम काढला तो असा: येत्या पौर्णिमेला सकाळी आठ वाजता गोजराक्काचा रेडिओ एकाच वेळी हजार घरांत वाजला पाहिजे. तोही तिच्या घरच्या एकाच इंटरनेटच्या तारेवरून. घरात दुसरी तार घ्यायची नाही, आवाज घरोघर वाटून देणाऱ्या परमुलखातल्या कुठल्या मोठ्या यंत्राची मदत घ्यायची नाही. एका घरात जरी आवाज अडखळला, तर तार कापायची आणि माईक जप्त.

गोजराक्का बांगड्या भरणारी बाई. घरच्या ओट्यावर माईक मांडून तिनं रेडिओ चालवला होता. सकाळी आठला सुरू व्हायची. कुणाची म्हैस सुटली, बाजारात कांदा काय भाव आहे, कुठल्या गल्लीत नळ येणार, हे सगळं सांगायची.

राजाचाही रेडिओ होता. त्याला सोन्याचा मुलामा दिलेला मनोरा होता आणि ऐकणारे सहा जण होते. त्यातले पाच पगारी. त्या रेडिओवर राज्यात पाण्याचे पाट वाहत होते. गोजराक्का मात्र सांगायची, "कुंभारगल्लीतल्या बायांनो, आजही पाणी नाही. उगाच घागर घेऊन उभ्या राहू नका." राजाला झोंबलं ते हेच. पण उघड बंदी घातली तर बाया वाड्यावर चालून येतील, म्हणून दिवाणजींनी ही पैज सुचवली.

दिवाणजींचा हिशेब पक्का होता. घरगुती तारेतून आत यायची वाट रुंद आणि बाहेर जायची वाट चिंचोळी. गोजराक्काच्या तारेतून दहा घरांपुरता आवाज बाहेर जायचा. अकरावं घर जोडलं की सगळ्यांकडेच तोतरं बोलणं सुरू. एका नळाला किती घागरी लावणार?

"कसं करणार गं?" शेजारची सखूमावशी हात पुढं करून म्हणाली. तिच्या मनगटावर हिरव्या बांगड्या चढत होत्या.

"हळदीकुंकू असलं की आवतण द्यायला मी गावभर फिरते का?"

"तू कशाला? गल्लीच्या तोंडाशी एका घरी सांगतेस. ती बाई पुढं सांगते."

"मग झालं तर. आता हात हलवू नकोस आणि नीट ऐक."

बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या मुठीत असतो. ऐकल्याशिवाय सुटका नाही. पंधरा दिवसांत गोजराक्कानं दहा गल्ल्यांतल्या दहा बायांचे हात असे धरले, आणि त्या दहा जणींनी आपापल्या दहा मैत्रिणींना धरून बसवलं.

पौर्णिमा उजाडली. राजे वाड्याच्या गच्चीवर बसले. दिवाणजी गोजराक्काच्या ओट्यावर, तारेच्या डब्यावरचे दिवे मोजत; जोडलेल्या घरागणिक एक दिवा. आठ वाजले. गोजराक्का माईकवर बोलू लागली.

राजांनी फोन लावला. "किती घरं?"

"दहा, महाराज. मोजून दहा." दिवाणजींच्या आवाजात पेढे होते.

"कापा तार!"

"कापा की," गोजराक्का पलीकडून म्हणाली. "पण महाराज, आधी गच्चीवरून कान देऊन ऐका तरी."

राजांनी कान दिला. तांबट आळीतून तिचा आवाज येत होता. माळीवाड्यातून येत होता. वेशीपासून तळ्यापर्यंत खिडकी खिडकीतून गोजराक्का सांगत होती की हंसाबाईंची म्हैस तळ्याच्या मागं बसली आहे, कुणीतरी हाकलून आणा. शिपाई पाठवले, घरं मोजली. हजार पुरी होऊन वर एकशे दहा निघाली. कुठं एक शब्द तुटला नव्हता.

गोजराक्काला दरबारात आणलं.

"ही लबाडी आहे," दिवाणजी म्हणाले. "तार एकच ठरली होती."

"माझ्या घरातून एकच निघते. तुम्हीच मोजलीत ना सकाळी? मी दहा घरांना दिलं. त्यांनी आपापल्या तारेवरून दहा-दहा घरांना दिलं, आणि त्या शंभरांनी आणखी दहा-दहांना. तारा तुमच्याच खात्यानं घरोघर टाकल्यात. बाहेर जायची वाट आजवर कुणी वापरलीच नव्हती, रिकामी पडून होती. दिवाणजी, तुम्ही कधी हळदीकुंकवाचं आवतण दिलं असतं तर तुम्हालाही सुचलं असतं."

दरबारातल्या बाया पदराआड हसल्या.

राजांच्या कपाळाला आठी होती. "एक सांग. खालच्या आळीत तू आधी बोललीस आणि माझ्या वाड्यात तेच चार श्वासांनी मागून ऐकू आलं. असं का?"

"आवतण हातोहात जातं, महाराज. तुमचा वाडा शेवटच्या हाताला आहे. तुमच्या परटिणीच्या घरून येतं तुमच्याकडे."

"माझ्या वाड्यात? कुणाच्या परवानगीनं?"

चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेब खाकरल्या. "आमच्या. आणि आठ दिवस झाले, ऐकतोय आम्ही. तुमच्या रेडिओचा तो बिनपगारी सहावा ऐकणारा कोण ते शोधा आता, तो आम्ही नव्हे."

राजांनी दिवाणजींकडं पाहिलं. दिवाणजींनी जमिनीकडं.

"बरं बाई, जिंकलीस," राजे म्हणाले. "तो सोन्याचा मनोरा घेऊन जा बक्षीस म्हणून."

"मनोऱ्यावर मी काय, बांगड्या वाळत घालू? कुंभारगल्लीला पाणी सोडा, महाराज. उद्या सकाळी मी रेडिओवर सांगते."

"सोडलं. पण एवढी चांगली बातमी आमच्या रेडिओवरून का नको?"

"सांगा की. पण मग घागर घेऊन येणार कोण?"

राजे असे हसले की फेटा सुटून मांडीवर आला. पाणी दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आलं, आणि गोजराक्काला वाड्याकडून हिरव्या बांगड्यांची मागणी आली, राणीसाहेबांच्या दोन्ही हातांसाठी.