शाल पांघरलेला चितारी

खूप जुनी गोष्ट आहे. एका नगरात एक चितारी राहत होता. दर बाजाराच्या दिवशी तो चावडीच्या भिंतीवर कोळशाने एक चित्र काढी आणि त्यात नगरातल्या पंडितांची फजिती असे. लोकांना वाचता येत नव्हतं, पण भिंतीवर आलं ते खरं, असं सगळे मानत.

एकदा खालच्या आळीतली कुंभारीण पंडितांच्या सभेत आली. म्हणाली, "आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतोय. दोन शेळ्या मेल्या. विहीर बंद करा."

पंडितांनी तीन दिवस वाद घातला. वास पाण्यात असतो की नाकात? आणि शेळी मेली म्हणजे नेमकं काय झालं?

पुढच्या बाजाराला चिताऱ्याने चित्र काढलं. पंडित नाकं धरून भांडताहेत आणि मेलेली शेळी पाय वर करून ऐकतेय. सगळा बाजार पोट धरून हसला.

पंडित मोठे लबाड. चिडण्याऐवजी त्यांनी चिताऱ्याला सभेत बोलावून शाल पांघरवली. "तुमच्या रेषेतलं मौन आम्हाला अंतर्मुख करतं," थोरले पंडित म्हणाले. चिताऱ्याला काही कळलं नाही, पण ऐकायला गोड वाटलं. तो रोज सभेत जाऊन बसू लागला.

महिनाभराने कुंभारीण त्याच्या दारी आली. "दादा, त्या पाण्यानं माझी पोर अंथरुणाला खिळलीय. वरची विहीर लांब आहे, माझ्या सांगण्यावरून कुणी तिकडं जात नाही. तुम्ही भिंतीवर नुसती विहीर काढा अन् तिच्यावर फुली मारा. लोक ऐकतील."

चिताऱ्याने शाल सावरली. "बाई, इतकं उघड काढलं तर ती कला कसली? चित्राने फक्त सुचवायचं असतं."

बाजाराच्या दिवशी त्याने एक घागर काढली आणि तिची लांबच लांब सावली. पंडितांनी माना डोलावल्या. लोकांनी डोकं खाजवलं आणि घागरी घेऊन ते त्याच विहिरीवर गेले.

पुढच्या बाजारापर्यंत खालच्या आळीतली नऊ माणसं गेली. कुंभारणीची पोर त्यात होती.

त्या दिवशी चितारी आला, तर भिंतीवर आधीच चित्र होतं. भट्टीतल्या कोळशाने, वेडंवाकडं काढलेलं. एक विहीर आणि तिच्यावर फुली. शेजारी शाल पांघरलेला एक माणूस. त्याला भलंमोठं तोंड होतं, हात नव्हते. कुंभारीण बाजूला उभी होती, तिची बोटं काळी झाली होती. कोणी हसलं नाही. एकेक जण घागर उचलून वरच्या विहिरीकडे निघाला.

चिताऱ्याने शाल अंगावरून काढली, पण ती ठेवावी कुठे ते त्याला कळेना.

तात्पर्य: पोकळ बोलणाऱ्यांची थट्टा करणाऱ्याने आधी त्यांची शाल नाकारायला शिकावं, नाहीतर उद्या त्याच्याच पोकळ बोलण्यापायी माणसं मरतात.