वालाचं कढण

“मीठ कमी पडलं का, माई? की कोकम जास्त झालं?”

येसूमाईंनी वाटी रिकामी केली. तळाशी राहिलेला भोपळा बोटाने पुसून खाल्ला.

“काही कमी नाही नि काही जास्त नाही.”

“मग ती तोंडाला का लावत नाही?”

विचारणारा विश्राम आचारी होता. पाचशे पानांच्या पंगतीत आपलं मीठ कधी चुकलं नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि ते खरंही होतं. टेकडीवरच्या येसूमाईंच्या या मठाकडे तो आजवर फिरकला नव्हता. बैरागी-गोसाव्यांना तो फुकटे म्हणायचा. आज मात्र कढणाचा पितळी डबा घेऊन धापा टाकत चढून आला होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याची एकुलती एक मुलगी, कुमुद, तापाने गेली. बायकोचं, मथुरेचं, जेवण तेव्हापासून तुटत गेलं. गेले अकरा दिवस ती पाण्यावर आणि घोटभर ताकावर होती. वैद्याने हात टेकले होते.

“रोज ताजं करतो, माई. वाल, दुधी, लाल भोपळा, शेवग्याचा गर... सगळं लोण्यासारखं शिजवतो. तिने नुसतं गिळायचं. तेवढंही होत नाही तिच्याने.”

माईंनी रिकामी वाटी बाजूला ठेवली.

“मोडाचे वाल सोबत आणलेत. इथे तुमच्यासमोर करतो. कुठे चुकतं ते दाखवा.”

त्याने मठातल्या परातीत कोमट पाणी ओतलं, वाल भिजत टाकले आणि सोलायला बसला. हात असा की चिमटीत वाल आला की साल वेगळी, डाळिंबी वेगळी.

माईंनी परातीत हात घातला.

“राहू द्या, माई. तुम्ही बसा निवांत. मी आहे ना.”

माईंनी हात काढून घेतला. ओला हात लुगड्याला पुसला आणि भिंतीला टेकून बसल्या.

विश्राम सोलत राहिला. माई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. परातीतलं पाणी निवलं.

“काहीतरी बोला ना, माई.”

“काय बोलू? बसवलंस, बसले.”

विश्रामचे हात थांबले.

“घरी वाल कोण सोलायचं?” माईंनी विचारलं.

“आधी...? त्या दोघी. मायलेकी. समोरासमोर बसायच्या. एकमेकींच्या अंगावर साली उडवायच्या. मी ओरडायचो, घाण करता म्हणून.”

“आणि आता?”

“आता तिच्या नजरेलासुद्धा पडू देत नाही. मागच्या पडवीत बसून सोलतो. सगळं तयार करूनच तिच्यापुढे ठेवतो.”

...

माईंनी सोललेल्या डाळिंब्या मठाच्या पातेल्यात ओतल्या. न सोललेले वाल पाण्यातून निथळून काढले, विश्रामच्या पंच्यात बांधले आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

“हे तिच्यापुढे ठेव.”

“आणि कढण?”

“आज करू नकोस.”

“माई, तिच्या बोटांत जोर नाही. आणि रडेल ती. वाल बघून फार रडेल.”

“रडेल.”

विश्रामला हुंदका आला. आचाऱ्याने चुलीपुढे रडू नये म्हणतात, पण इथली चूल केव्हाच विझली होती. तो पोटभर रडला. माईंनी त्याला गप्प केलं नाही.

शेवटी पंच्याची गाठ मुठीत घट्ट धरून तो उठला. दारापाशी थबकला.

“तिने हातच लावला नाही तर?”

माईंनी परातीतल्या साली ओंजळीत गोळा केल्या.

“तर तूही तिच्यासमोर बस. दोघं उपाशी राहा.”