थांबलेला पंचम

"बुवा, एवढंच सांगा... जुना ठेवू की नवा घेऊ?"

मिरजेत अंताजीबुवांच्या गाण्याच्या खोलीत हेरंब खांबेट्याने दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडले होते. दोन्ही एकाच कंपनीचे. जुना त्याच्या जिवाभावाचा, नवा दुकानदाराने 'ऐकून तर बघा' म्हणून गळ्यात मारलेला.

"दुसऱ्या कंपनीकडे मी आजवर ढुंकून पाहिलं नाही," हेरंब म्हणाला आणि मोठ्या भक्तिभावाने त्याने कंपनीचं नाव घेतलं. घेताना हात आपसूक कानाच्या पाळीला गेला.

गवयांच्या घरात गुरूचं नाव घेताना कान धरायची रीत. बुवांनी ते पाहिलं नि मिशीतल्या मिशीत हसले.

"वाजव," ते म्हणाले.

हेरंबने बुवांच्याच एका बैठकीचं रेकॉर्डिंग आणलं होतं, तो त्यांच्याकडे शिकत होता तेव्हाचं. पुढे नोकरी लागली, गाणं सुटलं, ऐकण्याचा नाद तेवढा उरला. त्या बैठकीत एका जागी बुवा पंचमावर येऊन असे काही थांबतात, की बस! त्या दिवशी हेरंबच्या अंगावर काटा आला होता. तो काटा काही परत आला नाही. त्यासाठी त्याने घरात काय काय नाही बदललं!

जुना वाजला. ती जागा आली. बुवांनी तोंड वाकडं केलं.

"थांबा, नवा लावतो," हेरंब घाईने म्हणाला.

नवा वाजला. त्याच जागी तोंड पुन्हा वाकडं.

"तंबोऱ्याचा पंचम उतरलाय," बुवा म्हणाले.

झालं! हेरंब उठला. वायरी उपसून पुन्हा खोचल्या, स्पीकर भिंतीपासून सरकवले, सगळी बटणं पिळून झाली... तरी तेच.

"मशीनमध्ये खोट नाही हो बुवा, शपथेवर सांगतो! या कंपनीचा माल म्हणजे..."

"अरे, मशीनला कोण नावं ठेवतंय? त्या दिवशी तंबोऱ्यावर कोण बसलं होतं?"

हेरंबला आठवायला वेळ लागला. आठवलं तसा चेहरा उतरला.

"मीच, बुवा."

"हं."

"पण... तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

"भर बैठकीत काय बोलणार? थांबलो."

"कुठे?"

"तुला आवडतं तिथेच. म्हटलं, आता ऐकेल, आता तार सारखी करेल... दम सरेपर्यंत थांबलो."

हेरंब मटकन खाली बसला. लाज वाटली, आणि का कोण जाणे, आतून भरूनही आलं. इतकी वर्षं जीव टाकला तो पंचम म्हणे त्याचीच वाट बघत होता!

बुवांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली आणि तो हेरंबच्या हाती दिला. त्याने भीतभीत पहिली तार छेडली. पंचम उतरलेलाच होता.

हेरंबचा हात कानाकडे गेला.

"कान कसला धरतोस? खुंटी धर," बुवा म्हणाले. "मी अजून थांबलोय..."